माझ्या अंगाखालची गादी

जुना म्हणा, म्हातारा म्हणा, नाहीतर आमच्या कारखान्यात म्हणतात तसं ‘ती काळी पाटी’ म्हणा. मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाच्या कोपऱ्याला पोचा आला आहे, बिजागरी उघडताना कुरकुरते आणि जास्त वापरातल्या बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत. तरी मी चालतो. माझ्यामागून आलेले फोन फुटून कचऱ्यात गेले, मी अजून टेबलावर आहे. हे काही फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारायला मला तोंडच उरलेलं नाही. माझ्यापायी एका लहान मुलीचं तोंड मिटलं होतं, आणि ते आठवलं की माझं मन मला खातं.

माझा जन्म एका मोठ्या पांढऱ्या दालनात झाला. तिथली माणसं डोक्याला टोप्या आणि हातांना मोजे घालून वावरायची. धुळीचा कण आत येऊ देत नसत. मला जोडणाऱ्या बाईंनी माझ्या पोटात एक इवलासा पंखा बसवला आणि बोटाच्या टोकाने फिरवून पाहिला. माझ्या पोटाखाली एक बारीक जाळी आहे. तिच्यातून मी गार हवा आत ओढतो आणि बाजूच्या फटीतून गरम हवा बाहेर सोडतो. तेच माझं नाक समजा.

आणखी एक शिकवण मला जन्मतःच मिळाली. अंग फार तापलं की कुणाला न विचारता डोळे मिटून घ्यायचे. नाही मिटले तर आतलं सगळं जळून जाईल आणि मग कितीही मोठा कारागीर आणा, उपयोग नाही. शिकवण चांगलीच होती. पण मी डोळे का मिटतो आहे, हे सांगायची सोय माझ्यात कुणी केली नाही. बोलायला मला एकच पडदा, आणि विझताना पहिला तोच विझतो.

त्या स्वच्छ दालनातून निघालो तो थेट कापसात येऊन पडलो. आमच्या घरी खाली गाद्यांचा कारखाना आणि वर राहायची जागा. खालच्या लांबट खोलीच्या एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र, मधोमध कापड कापायचं लाकडी टेबल, भिंतींना लागून गाद्यांच्या थप्प्या. यंत्र सुरू झालं की हवेत तंतू उडायचे. ते माणसांच्या भुवयांवर बसत, चहाच्या कपात उतरत, खिडकीच्या गजांवर मिशा फुटल्यासारखे लोंबत.

कारखाना आजींचा. आजींनी शाळा फारशी पाहिली नव्हती, पण माणूस कुठल्या कुशीवर झोपतो हे त्या त्याची जुनी गादी बघून सांगायच्या. त्यांच्या जिभेला दाभणासारखं टोक होतं. त्यांचा मुलगा यंत्रापाशी असायचा. यंत्राच्या आवाजात घरातलं निम्मं भांडण त्याला ऐकू जायचं नाही, उरलेलं निम्मं तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. सूनबाई मापं घ्यायच्या आणि कापड बेतायच्या. दोन बायका टाके घालायला येत. आणि शाळा सुटली की गाद्यांच्या थप्पीवर चढून बसायची ती आजींची नात.

आजींच्या घरात एक रीत होती. मोलाची वस्तू टणक जागी ठेवायची नाही. तराजूखाली फोमचा तुकडा, रेडिओखाली घडी घातलेली चादर, चष्म्याला कापसाची डबी. “दगडावर दगड ठेवायचा असतो, वस्तू नाही,” असं त्या म्हणायच्या. मी घरात आलो त्याच दिवशी त्यांनी टेप काढून माझी लांबी, रुंदी, जाडी घेतली आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी गादी शिवून तयार केली. आत फोम, वर कापसाचा थर, त्यावर निळ्या पट्ट्यांची खोळ. मी घसरू नये म्हणून चारी बाजूंनी उंच कड. डबीत दागिना बसावा तसा मी तिच्यात बसलो.

येणारा-जाणारा थांबून बघायचा. लॅपटॉपला गादी कुणी पाहिली होती? आजी वरवर “त्यात काय मोठंसं” म्हणायच्या आणि पुन्हा एकदा माझी कड नीट करायच्या. मीही चढून गेलो. आमच्या जातीत आजवर कुणाला स्वतःची गादी मिळाली असेल, सांगा बरं? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं ते झालं होतं. पण नाक माझं होतं, म्हणजे ते दबतं आहे हे आधी मलाच कळायला हवं होतं. मऊपणाने मी सुस्तावलो.

तरी पहिली वर्षं बरी गेली. कापडांचे नमुने माझ्यात होते, गिऱ्हाइकांची मापं माझ्यात होती. आजी गिऱ्हाइकाला माझ्यासमोर बसवायच्या आणि मी एकेक रंग उलगडून दाखवायचो. संध्याकाळी मात्र मी नातीचा असायचो. ती गोष्टी रचायची. गाद्यांच्या सगळ्यात खालच्या थरात तिला तळं सापडलं होतं. कापसाच्या एका गाठोड्यात म्हणे एक माणूस झोपलेला होता, आणि तो जागा झाला की आपण सगळे झोपणार होतो. टाके घालणाऱ्या बायका हसून लोटपोट व्हायच्या. आजींनी तिचं नावच ‘थापाडी’ ठेवलं होतं. अभ्यासाची वेळ झाली तरी त्याच तिला अडवायच्या, “थापाडे, त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांग आणि मग वर जा.” मग ती वर जायच्या आधी ती गोष्ट माझ्यात उतरवून ठेवायची. माझ्या बटणांवरची अक्षरं तिच्याच बोटांनी पुसली आहेत. त्या पुसण्याचा मला कधी राग आला नाही.

माझं दुखणं हळूहळू आलं. मी घेतलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर कापूस आत येत होता. खालून जाळी गादीने दाबलेली, म्हणून मी कडेकडेने जोर लावून हवा ओढायचो, आणि जितका जोर लावायचो तितका कापूस जास्त यायचा. तो पंख्याच्या तोंडाशी थरावर थर बसत गेला. माझ्या पोटात, मित्रांनो, दुसरी गादी तयार होत होती. पंखा घरघरू लागला तेव्हा आजी कौतुकाने म्हणाल्या, “बघा कसा घोरतो. झोप चांगली लागते त्याला.”

आणि एक दिवस मी काम करता करता बंद पडलो.

पहिल्यांदा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग मी रोज बंद पडायला लागलो. पुढे पुढे तर कामापर्यंत पोचायचोच नाही. बटण दाबलं की पडदा उजळायचा, मधे गोल चक्र फिरू लागायचं आणि ते फिरता फिरताच अंधार. घरातल्यांनी हातपाय गाळले नाहीत. मुलाने दुसरा चार्जर आणला, दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटात लावून पाहिला. सूनबाईंनी माझी बॅटरी काढली, पुसली, परत बसवली. टाके घालणाऱ्या बाईंनी ऐकीव माहिती दिली की लॅपटॉपला व्हायरस होतो. तेव्हा आजींनी तो माणसांना लागतो का हे विचारून घेतलं आणि नातीची पाण्याची बाटली माझ्यापासून लांब सरकवली.

गंमत अशी की तपासायला मला लाकडी टेबलावर काढलं की मी बरा व्हायचो. तिथे खालून हवा मिळायची, अंग निवायचं आणि मी शहाण्यासारखा सुरू व्हायचो. सगळे म्हणायचे, झालं, बॅटरीचंच होतं. आणि मोठ्या मायेने मला पुन्हा गादीवर निजवायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? मी सुरू झालो की प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी कुणी विचार करेल की हा टेबलावर का चालतो. पण चालणाऱ्या वस्तूबद्दल कुणी विचार करत नाही.

शेवटी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुरुस्तीवाल्याने मला काचेच्या टेबलावर ठेवलं आणि दुपारभर माझ्यावर गाणी ऐकली. मी एकदाही बंद पडलो नाही. आजी न्यायला आल्या तेव्हा तो म्हणाला की याला काहीही झालेलं नाही. चालतं यंत्र उघडायचं कशाला, म्हणून त्याने मला उघडलंही नव्हतं. आजी हटेनात. घरी हा बंद पडतो, त्याचं काय? दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्याने विचारलं, “मावशी, घरात लहान मूल आहे का? मग नको ते बटण दाबलं जात असेल.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण ते वाक्य आजी माझ्याबरोबर घरी घेऊन आल्या.

त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या बाई येणार होत्या. त्यांच्या सगळ्या खोल्यांच्या गाद्या नव्याने करायच्या होत्या आणि कापड त्यांना स्वतः पसंत करायचं होतं. आजींनी सकाळपासून कारखाना झाडून घेतला, माझ्या गादीला नवी खोळ चढवली. बाई आल्या, बसल्या. आजींनी माझं बटण दाबलं. चक्र फिरलं आणि मी विझलो. आजी हसल्या, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. त्यानंतरच्या खेपेला पहिल्या कापडाचं चित्र पडद्यावर आलं, बाई चष्मा सावरून पुढे वाकल्या, आणि मी त्यांच्या नाकासमोर डोळे मिटले. माझं अंग भाजत होतं, मित्रांनो. पण आजींचा चेहराही भाजत होता, आणि तो मी पाहिला होता.

बाई भल्या होत्या. परत कधीतरी येते म्हणाल्या. तेवढ्यात शाळेतून आलेली नात दारात उभी राहिली. आजींनी तिला तिथेच धरलं. तू याला काय केलंस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, “मी आज हातसुद्धा लावला नाही.”

“तू तोंड उघडलंस की थाप,” आजी म्हणाल्या. “माझ्या घरात खोटारडी जन्माला आली.”

‘थापाडी’चाच अर्थ, पण आता त्याला लाडाचं अस्तर नव्हतं. पोरीने बापाकडे पाहिलं. यंत्र चालू होतं. तो कापसात हात घालून खाली बघत राहिला. सूनबाई “आई, राहू द्या” म्हणाल्या, पण इतक्या हळू की ते मलाच ऐकू आलं असेल. टाके घालणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या होत्या. वसतिगृहाच्या बाई छत्री शोधायच्या निमित्ताने पाठ वळवून उभ्या राहिल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर गादीवर आरामात पसरलेला होता.

त्यानंतर मी बंद पडलो की घरात एकच प्रश्न असायचा. काय केलंस ते खरं सांग. ती म्हणायची, काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी बंद पडायचो, पुन्हा तिला हाक. मला थांबता आलं असतं का? डोळे न मिटता तसंच जळून गेलो असतो, तर निदान धुराचा वास आला असता आणि कुणीतरी मला उचलून खाली बघितलं असतं. पण प्रत्येक वेळी मी माझा जीव वाचवला, आणि त्याची शिक्षा तिला झाली.

मग एका दुपारी तिने उत्तर बदललं. मान खाली न घालता, आजींकडे बघत ती म्हणाली, “हो. मी पाणी सांडलं.”

किती? पेलाभर. कधी? खिडकीतल्या रोपाला पाणी घालायला निघाले होते तेव्हा. जमिनीवर दोरा पडला होता, त्यात पाय अडकला आणि पेला कलंडला. मग घाबरून ओढणीने पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही. सगळं इतकं नीट जुळवलं होतं की संशयाला जागाच राहिली नाही. गोष्ट रचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतंच. आजींचा राग एकदम उतरला. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हेच आधी सांगितलं असतंस तर एवढी बोलणी खावी लागली नसती.

मी ऐकत होतो. माझ्या अंगावर पाण्याचा थेंबही कधी पडला नव्हता. त्यानंतर फार दिवस त्या घरात तिने एकही गोष्ट सांगितली नाही.

आता पाणी शिरलं आहे म्हटल्यावर औषध आलंच. आणि गादीवाल्यांच्या घरात औषध एकच. आजींनी कोरडा, ताजा पिंजलेला कापूस आणला आणि मला त्यात गळ्यापर्यंत पुरून खिडकीच्या उन्हात ठेवलं. रुई ओल शोषून घेते, मग आतलं पाणीही शोषेल, असा त्यांचा हिशेब. माझं होतं नव्हतं ते नाकही बंद झालं. त्यातून काढून त्यांनी बटण दाबलं, तेव्हा मी चक्र फिरायच्याही आधी विझलो. “फार आत गेलंय पाणी,” आजी हळहळल्या.

पोरगी माझ्याकडे फिरकेनाशी झाली. थप्पीवर चढणं बंद. शाळेत काय झालं, असं आईने विचारलं की “काही नाही.” जेवायला काय हवं? “काहीही.” टाके घालणाऱ्या बायकांना दुपार लांबट वाटायला लागली. त्यांतली एक एकदा म्हणाली, “आधी एकच यंत्र बंद पडायचं, आता घरातली दोन बंद पडलीत.” आजी तिला म्हणाल्या की टाके तोंडाने नाही, हाताने घालायचे असतात. पण त्या दिवशी त्यांनी मधेच उठून रिकाम्या थप्पीकडे बघितलं, ते मला दिसलं.

माझी गादी आत ओली राहून कुजली असेल म्हणून एका सकाळी आजी ती उसवायला बसल्या. खोळ काढली, कापसाचा थर उचलला आणि फोम हातात घेऊन नाकाशी नेला. वास नव्हता. मग त्या तो उजेडात घेऊन गेल्या आणि उलटसुलट करून बघत राहिल्या.

तुम्हाला सांगतो, पाण्याचा डाग आजींइतका कुणाला कळत नसेल. लोक पोरांच्या ओल्या केलेल्या गाद्या घेऊन यायचे आणि शरमून सांगायचे, पाण्याचा तांब्या लवंडला हो. आजी डागाची कड बघून मनात काय ते समजायच्या आणि वर म्हणायच्या, तांब्या रोजच लवंडतो वाटतं. पाणी कोरडं झालं तरी कडेला पिवळी रेघ सोडून जातं. माझ्या गादीवर तशी रेघ कुठेच नव्हती. होतं ते वेगळंच. माझी जाळी जिथे टेकायची, बरोबर तेवढ्याच चौकोनात फोम तपकिरी होऊन ताठरला होता. आजींनी अंगठ्याने दाबला, तर बिस्किटासारखा चुरा झाला. एका दिवसात असं होत नाही. महिनोन्‌महिने खालून निखारा धरल्यासारखा तो भाजत आला होता.

आजी खाली बसल्या. मग उठून त्यांनी मला लाकडी टेबलावर ठेवलं आणि माझं अंग निवू दिलं. बटण दाबलं. मी सुरू झालो. दुसरा फोम घेऊन त्यावर ठेवलं. थोड्या वेळाने मी विझलो. पुन्हा टेबल. पुन्हा सुरू. त्या हे करतच राहिल्या. मला वाटतं, एकदा तरी मी टेबलावर बंद पडावं, अशी त्यांची इच्छा होती. मीही त्यांचा मान राखायला बंद पडलो असतो, पण यंत्राला तेवढंही खोटं बोलता येत नाही. शेवटी त्यांनी माझ्या पोटाखाली तळहात घातला, जसा आजारी पोराच्या पाठीखाली घालतात.

“ताप आहे याला,” त्या म्हणाल्या. समोर कुणी नव्हतं.

त्या मला पदराखाली झाकून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या आणि ‘आधी उघड, मग बोल’ एवढंच म्हणाल्या. त्याने माझी पाठ उघडली. पंख्याच्या तोंडाशी काडेपेटीएवढी कापसाची वडी बसली होती. चिमट्याने ओढली तर सबंध बाहेर आली. दुरुस्तीवाल्याचा चेहरा उतरला. “मावशी, मी त्याच दिवशी उघडून बघायला हवं होतं,” तो म्हणाला. “आणि घरातल्या लहान मुलाबद्दल मी उगाच बोललो.”

“तुझी चूक तुझ्याजवळ ठेव,” आजी म्हणाल्या. “मला माझीच पुरून उरली आहे.”

घरी आल्यावर त्यांनी नातीला खाली बोलावलं. मला टेबलावर ठेवलं, शेजारी तो जळका फोम ठेवला आणि ती वडीही. पोरीने सगळं पाहिलं. आजी तिला रागावल्या नाहीत, पण त्यांना समजत नव्हतं. त्यांनी विचारलं, “पाणी सांडलंच नव्हतं, तर मग सांडलं असं का म्हणालीस?”

पोरीने फोमचा चुरा बोटाने एका जागी गोळा केला. “खरं सांगितलं की तू ओरडायचीस,” ती म्हणाली. “खोटं सांगितल्यावर थांबलीस.”

आजींचा हात पोरीच्या डोक्याकडे निघाला आणि मधेच थांबला. तोच हात त्या खोट्यावर खूश होऊन फिरला होता.

“आता हा बरा झाला का?” नातीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

“झाला.”

“मग झालं तर,” म्हणून ती वर निघून गेली.

वसतिगृहाच्या बाई कापड पसंत करायला पुन्हा आल्या तेव्हा शाळा सुटून गेली होती. मी एकही चूक न करता सगळे रंग दाखवले. बाई निघण्याच्या बेतात असताना आजींनी मुलाला यंत्र बंद करायला सांगितलं. भर कामात ते यंत्र कधी बंद होत नसे. सगळ्यांनी माना वर केल्या. आजींनी नातीला हाक मारून शेजारी उभं केलं, पण तिचा हात धरला नाही.

“त्या दिवशी तुमच्यासमोर मी हिला खोटारडी म्हटलं,” त्या बाईंना म्हणाल्या. “ही खरं बोलत होती. चूक माझी होती. गादी मी शिवली होती.”

बाई अवघडल्या. अहो, त्यात काय, पोरांना आपण बोलतोच, असं काहीतरी म्हणाल्या.

“तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही ते ऐकलं होतं, म्हणून हे तुमच्यासमोर.”

यंत्रापाशी उभा असलेला मुलगा हातांना चिकटलेला कापूस काढत होता. तो खाली बघूनच म्हणाला, “यंत्र चालू होतं, पण मला ऐकू आलं होतं.” सूनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. पोरीचे कान लाल झाले होते. हे सगळं लवकर संपावं आणि आपल्याला वर जाता यावं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आजींनी तिला जाऊ दिलं.

तेव्हापासून मी उघड्या लाकडी टेबलावर असतो. खाली हवा खेळावी म्हणून आजींनी माझ्या चारी कोपऱ्यांना दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं लावली आहेत. आठवड्याला एकदा त्या मऊ ब्रशने माझी जाळी स्वतः झाडतात. गादी नाही, म्हणून कुणी माझं कौतुक करत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माफी मागून झाली, मी बरा झालो, पोरगी पुन्हा माझ्यासमोर बसू लागली. पण बटण दाबायच्या आधी ती दर वेळी मोठ्याने सांगायची, “मी फक्त सुरू करतेय. हात कोरडे आहेत.” आणि दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून दाखवायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ती हात दाखवायला लागली की आजी हातातल्या कापडात मान खुपसायच्या. एकदा त्या “नको गं दाखवू” म्हणाल्यासुद्धा. पोरीने हात खाली घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवले.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. आम्हाला पलंगावर, पांघरुणात, उशीवर ठेवून काम करू नका. आमच्या पोटाखाली हवा राहू द्या, वरचेवर आमची धूळ झाडा. तुमच्या मायेने आमचा श्वास कोंडेल एवढी माया आम्हाला नको. आणि मी कधी मधेच डोळे मिटले, तर जवळ कोण उभं होतं हे विचारण्याआधी माझ्या खाली काय आहे ते बघा. मला निवायला घटकाभर पुरते, पुन्हा बटण दाबलं की मी हजर. माणसाचं तसं नसतं. त्याला बंद पाडायला एक वाक्य पुरतं, पुन्हा सुरू कधी होईल ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

काल संध्याकाळी पाऊल वाजलं. शाळेतून येऊन, हातपाय धुऊन, पोरगी धावतच खाली आली. टाके घालणाऱ्या बायकांना तिने काहीतरी सांगायला सुरुवात केली होती आणि ते सांगता सांगताच तिने माझं झाकण उघडलं. तळवे दाखवले नाहीत. ‘हात कोरडे आहेत’ असं म्हणाली नाही. हात अजून ओले होते. तिने ते कपड्यांना अर्धेमुर्धे पुसले आणि बटण दाबलं.

समोर आजी टाके घालत बसल्या होत्या. त्यांनी ते ओले हात पाहिले. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. टाका वाकडा गेला. त्यांनी तो उसवला, सुई सरळ केली आणि खाली मान घालून पुन्हा घातला.

माझ्या पडद्यावर चक्र फिरलं, आणि मी सुरू झालो.